रात्री छातीत धडधड, ईसीजी मात्र नॉर्मल. मदत हवी आहे

सुदामानगरवाली:
रात्री आडवी झाले की धडधड सुरू. डाव्या कुशीवर वळले तर उशीत ठोके ऐकू येतात, मग झोप कुठली! परवा वाटलं, आता अटॅकच. ईसीजी काढला, नॉर्मल. डॉक्टर म्हणे टेन्शन घेऊ नका. हे काय औषध झालं? इंदूरला पलासियाकडे हृदयाचे चांगले डॉक्टर कोण? लवकर सांगा.

पोहेजलेबी:
वय? ठोके किती? छातीत दुखणं, चक्कर, दम? बीपी-शुगर? ताई, काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

सुदामानगरवाली:
४३. घड्याळात ११८-१२० येतात. दुखत-बिखत नाही. मी डॉक्टरांचं नाव विचारलंय.

मळवाट:
अर्जुनसाल दुधात उकळून घ्या. आमच्या काकांचं हृदय त्यावरच चाललंय.

बिनसाखरेचा:
काढा राहू द्या. ईसीजी काढताना धडधड होत होती का? त्यात काही सेकंदच पकडले जातात. २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठोके सतत नोंदवणारं यंत्र, लावायला सांगा. मला एसव्हीटी होतं, म्हणजे हृदय अचानक जोरात पळायचं. ठोके एकदम १८० वर, बंदही एकदम. भीतीचे ठोके हळूहळू चढतात, हळूहळू उतरतात.

निवांत_नाना:
झालं, घाबरवा अजून! ताई, घड्याळ काढून ठेवा. सारखं बघितलं की आकडा वाढतोच. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा.

बिनसाखरेचा:
नाना, मलाही दोन वर्षं 'मनाचं आहे' म्हणूनच टोलवलं होतं.

पोहेजलेबी:
भांडा नंतर. ताई, औषधं कोणती चालू आहेत? सर्दीची गोळी, दम्याचा पंप, थायरॉइड?

सुदामानगरवाली:
थायरॉइडची गोळी काय, घरोघरी आहे. दिवाळीनंतर ७५ मायक्रोग्रॅमची १०० केली. पण ते गळ्याचं, हृदयाशी काय संबंध?

पोहेजलेबी:
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! डोस जास्त झाला तर ठोके वाढतात, हात थरथरतात, झोप उडते. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघतात. बघितला? गोळी मनाने बंद करू नका, ज्यांनी वाढवली त्यांनाच लगेच फोन करा. हिमोग्लोबिनही तपासून घ्या. आणि छातीत दाब, दम किंवा शुद्ध हरपल्यासारखं झालं तर इथे लिहीत बसू नका, १०८ लावा.

मळवाट:
अर्जुनसाल थायरॉइडलाही चालते.

बिनसाखरेचा:
तुमची अर्जुनसाल पंक्चरलाही चालत असेल.

तेलघाणा:
स्वयंपाकात तेल कोणतं वापरता? लिपिड प्रोफाइल करून घ्या. आणि रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) खाऊन झोपलं तर ॲसिडिटीनेही छाती धडधडते.

सुदामानगरवाली:
मी सराफ्यात जातच नाही! टीएसएच तेव्हा केला नव्हता, उद्या सकाळी रक्त देते. पलासियाचं नाव शेवटपर्यंत कुणी दिलं नाहीच.

निवांत_नाना:
गराडू मिळतायत का अजून? यंदा एकदाही जाणं झालं नाही.