मदत हवी आहे: आजोबांच्या पितळी टेबल फॅनचा घाट मूळ कुणाचा?

नमस्कार मंडळी,

गिरगावचं बिऱ्हाड मोडलं तेव्हा आजोबांचा टेबल फॅन माझ्याकडे आला. चार पितळी पाती, पितळी तारांची जाळी, बिडाची घंटेसारखी बैठक आणि बैठकीतच मागच्या बाजूला वेग कमीजास्त करायची दांडी. जाळीच्या तारा इतक्या विरळ की माझी मूठ सहज आत जाते. पाती रिव्हेट ठोकून बसवलेली आहेत. त्यातला एक रिव्हेट कधीतरी बदललेला, लोखंडी, आणि तेवढाच गंजलाय.

पंखा चालू करायचा नाहीये. पाटीवर डी.सी. (एकाच दिशेनं वाहणारा वीजप्रवाह) आहे, त्यामुळे मी तो घरच्या प्लगला लावलेलाही नाही. मला हवाय त्याच्या आकाराचा इतिहास. ही बैठक अशी घंटेसारखी कुणी काढली?

अडचण पाटीचीच आहे. आजी दर दिवाळीला पितळी भांड्यांबरोबर पंखाही चिंचेनं घासायची. पाती लख्ख राहिली, पण पाटीवरचं कंपनीचं नाव पार पुसलं गेलं. तिरपा टॉर्च मारला की '२२० व्होल्ट', 'डी.सी.' आणि खाली 'आर.डी. नंबर ६' एवढं वाचता येतं. सहाच्या पुढे पाच आकड्यांची जागा आहे, त्यातला शेवटचा बहुधा ४.

हा आर.डी. नंबर, म्हणजे रजिस्टर्ड डिझाइनचा क्रमांक, माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा. ब्रिटनमध्ये १८८४ पासून नोंदवलेल्या डिझाइनना एकपासून सलग क्रमांक देत गेले. पेटंट यंत्र कसं चालतं त्याचं असतं, ही नोंद वस्तू दिसते कशी त्याची. म्हणजे या पंख्याचं रूप कुणालातरी आपलं म्हणून नोंदवावंसं वाटलं होतं! सहानं सुरू होणारे सहा आकडी क्रमांक साधारण १९१२ ते १९२३ या काळात पडतात. अर्थात हे नोंदणीचं साल, पंखा त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेला असू शकतो. शिवाय नोंदवहीत मालकाचं नाव असतं, रेखाटणाऱ्याचं असेलच असं नाही.

तुलनेसाठी जे वाचलं त्यात जर्मनीतल्या एईजी या विजेची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीचं उदाहरण सगळ्यात स्पष्ट आहे. त्यांनी १९०७ साली पीटर बेहरेन्स या चित्रकार-वास्तुरचनाकाराला कलासल्लागार नेमलं आणि वर्षभरातच त्याचा टेबल फॅन आला. तिथे घाटाचं श्रेय नावानिशी मिळतं. पुढे इटलीत एझिओ पिराली यांच्या १९५३च्या झीरोवॉट पंख्याला कोंपासो दोरो हा डिझाइनचा पुरस्कार मिळाला, तिथेही नाव आहे. पण या दोघांच्या मधल्या काळात हजारो घरांत आणि कचेऱ्यांत फिरलेले पंखे बहुतेक निनावी आहेत. कारखान्यातल्या ड्रॉइंग टेबलावर बसलेल्या कुणीतरी जाळीची वळणं, बैठकीचा उतार ठरवला असणार. त्या माणसापर्यंत पोचायची वाट मला हवी आहे.

तर जाणकारांनो, एवढं सांगा:

घासून गेलेली अक्षरं रसायन न वापरता कशी उठवायची? पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवून पाहिली, पण सहानंतर नुसत्या रेघोट्या येतात. ॲसिड वगैरे अजिबात नको.

लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या डिझाइन नोंदवह्या इथे बसून कुणी शोधल्यात का? धातूच्या वस्तूंचा वर्ग वेगळा होता. अर्ध्या क्रमांकावरून तेवढ्याच वर्गात शोध घेता येतो का, की प्रत्यक्ष जाऊन पानं उलटावी लागतात?

मुंबईत विलायती पंखे विकणाऱ्या दुकानांचे जुने कॅटलॉग कुणाच्या घरी आहेत का? किंवा १९१२ ते १९३०च्या मराठी मासिकांत, दिवाळी अंकांत अशा पंख्याची चित्रासह जाहिरात पाहिल्याचं आठवतं का? पुढच्या महिन्यात दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात दोन दिवस बसणार आहे, कुठल्या फायली आधी मागवू?

आणि मुख्य म्हणजे, असाच पंखा कुणाकडे असेल तर पाटीवरचा पूर्ण क्रमांक कृपया इथे लिहा. बैठकीखाली हिरवी बनात चिकटवलेली आहे आणि बैठकीच्या कडेला बिडातच ओतलेला बाणासारखा छोटा उठाव आहे, यावरून ओळख पटेल. पाती, जाळी आणि बैठकीचे फोटो उद्या उजेडात काढून टाकते.