हळदीवर आजीचा फोटो: रस कोणता आणि पक्का कसा करायचा?

उन्हाळी_उद्योग:
नमस्कार मंडळी. सोसायटीतल्या मुलांकडून मेच्या सुट्टीत अँथोटाइप करून घेतेय, म्हणजे कागदाला झाडाचा रस फासून उन्हात छापायचं. पानांचे ठसे झाले. आता मुलांना आजी-आजोबांचे जुने फोटो छापून भिंतीवर लावायचेत. बीट आणि जास्वंद आणून ठेवलंय. कोणता रस घेऊ? निगेटिव्ह कुठे करून मिळेल? आणि चित्र पक्कं कशाने होतं? मुलं पाचवी-सहावीतली, धीर बेताचाच.

स्टुडिओवाले_काका (सांगली):
ताई, निगेटिव्ह नकोच. इथे ऊन रंग उडवतं. फोटोतला काळा भाग ऊन अडवतो, तिथे रंग राहतो. म्हणजे सरळ पॉझिटिव्हच लागतो. फोटो स्कॅन करा, कॉन्ट्रास्ट चढवा, झेरॉक्सवाल्याकडून ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकवर) लेझर प्रिंट काढून घ्या. एका शीटचा काळा उन्हापुढे टिकत नाही. दोन प्रती तंतोतंत एकमेकींवर बसवा.

बीटाला दिवसच्या दिवस लागतात, तोवर शाळा उघडेल. हळद घ्या (सांगलीचा माणूस दुसरं काय सांगणार म्हणा). शर्टावरचा हळदीचा डाग उन्हात वाळत घातला की उडतो ना, तेच इथे करायचंय. कडक उन्हात काही तासांत चित्र दिसतं. हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, सर्जिकल स्पिरिट लागतं. ते पेट घेतं, म्हणून हे काम मोठ्यांनी करायचं, गॅसपासून लांब आणि खिडक्या उघड्या ठेवून. मलमलीतून गाळा, जाड वॉटरकलर कागदावर रुंद ब्रशने एक हात द्या, अंधारात वाळवा, मग दुसरा हात. हळकुंडं दळून आणलेली बरी. सुट्या पुडीत मेटॅनिल यलोची भेसळ असली तर तो रंग उन्हात कसा वागेल, भरवसा नाही. वर साधी काच आणि चिमटे. अ‍ॅक्रिलिक नको, काही अ‍ॅक्रिलिक अतिनील किरण अडवतात.

पक्कं करण्याचं म्हणाल तर, ते होत नाही. डार्करूममध्ये आम्ही फोटो हायपोत, म्हणजे पक्कं करणाऱ्या रसायनात, बुडवायचो, तेव्हा प्रकाश न लागलेलं चांदीचं मीठ धुऊन जायचं आणि चित्राची चांदी मागे राहायची. इथे प्रकाश न लागलेला रंग हेच चित्र. तो धुतला तर हाती कोरा कागद, आणि न धुता ठेवला तर उजेडात तोही हळूहळू उडतो.

प्रयोगवही:
काकांशी सहमत, पण हळदीला एक सोय आहे. उन्हातून काढल्यावर टाकणखाराचं पाणी स्प्रेने मारा. उरलेली हळद लालसर तपकिरी होते, उडालेला भाग फिका राहतो, चित्र एकदम उठून दिसतं. मुलांच्या हाती टाकणखार देऊ नका, पोटात जाता कामा नये.

पक्कं करण्याचा प्रश्न जुनाच आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शलने 1842 मध्ये फुलांच्या रसांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यालाही हे साधलं नाही. त्याच वर्षीचा त्याचा सायनोटाइप (निळ्या रंगातली छपाई) मात्र टिकला, कारण तिथे लोहाचे क्षार आहेत आणि ते नुसत्या पाण्याने धुता येतात. मेरी सॉमरव्हिल या स्कॉटिश शास्त्रज्ञ बाईनेही हे रस तपासले होते. रोमहून 1845 मध्ये तिने हर्शलला लिहिलेल्या पत्रातला भाग रॉयल सोसायटीने (लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेने) छापला. बायकांना तेव्हा तिथे सदस्यत्व नव्हतं.

उन्हाळी_उद्योग:
काका, मग भिंतीवर लावायचंच नाही का? आणि टाकणखाराऐवजी चुना चालेल? घरात आहे.

स्टुडिओवाले_काका (सांगली):
चुन्याने हळद लाल होते, कुंकू असंच करतात. पण निवळी घ्या, नाहीतर कागदावर पांढरे डाग राहतील. मला टाकणखाराचा रंग जास्त आवडतो, चेहऱ्यांना शोभतो.

भिंतीवर लावा की, पण स्कॅनची प्रिंट लावा. मूळ कागद काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवा आणि पाहुणे आले की काढून दाखवा. आणि आजोबांचा मूळ फोटो छतावर न्यायचा नाही, मुलांना आधीच बजावून ठेवा.