एन्झाइमआधी बाटलीची तयारी

पेट, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, खाणारं एन्झाइम मिळाल्यामुळे आता बाटल्या थेट एन्झाइमच्या टाकीत टाकल्या की काम झालं, असा एक समज आहे. तसं होत नाही, आणि अडतं ते नेमकं तयारीतच.

२०२० साली सुधारित एन्झाइमने ७२ अंश सेल्सिअसला १० तासांत ९० टक्के पेट विघटित झालं, हे खरं. पण ते पेट आधी वितळवून, झटकन थंड करून बारीक दळलेलं होतं. बाटलीची भिंत ताणून बनवलेली असते, त्यामुळे तिच्यातल्या रेणूंच्या साखळ्या शिस्तीत रचलेल्या असतात; स्फटिकता, म्हणजे अशा शिस्तीतल्या भागाचं प्रमाण, साधारण ३० टक्क्यांच्या आसपास. तिथे एन्झाइमला शिरायला जागाच मिळत नाही. म्हणून आधी पेट वितळवतात; त्याचा वितळलेला धागा सरळ गार पाण्यात सोडला तर तो काचेसारखा पारदर्शक राहतो. दुधाळ दिसला तर समजा, सावकाश थंड झाला आणि स्फटिक परत बसले. मग दळणाचा खर्च वाया.

तापमान आणखी वाढवून वेग मिळेल असं वाटतं, पण टाकीतच पेटचं स्फटिकीकरण सुरू होतं आणि विघटन अर्ध्यावर थांबतं.

दुसरी गोष्ट आम्लाची. विघटनात टेरेफ्थॅलिक आम्ल, म्हणजे पेटचा एक मूळ घटक, सुटतं, सामू (pH) घसरतो, एन्झाइम मंदावतं. म्हणून सामू ८ च्या आसपास धरायला सतत कॉस्टिक सोडा घालावा लागतो. पुढे सल्फ्युरिक आम्लाने टेरेफ्थॅलिक आम्ल खाली बसवलं की सोडियम सल्फेटचा मोठा साठा उरतो. प्रकल्पाच्या हिशेबात त्याची विल्हेवाट पहिल्या पानावर हवी.