मदत हवी आहे: वोकिंग ते वॉटर्लू, बर्फ आणि संप एकाच आठवड्यात. पासाचे पैसे परत मिळतात का?

वोकिंगची_डोंबिवलीकर | सोमवार, 12 डिसेंबर 2022, रात्री 8.50

नमस्कार मंडळी. लंडनच्या आसपास राहून रोज ट्रेनने ये-जा करणारे इथे बरेच आहेत, म्हणून विचारते.

मी सप्टेंबरात इकडे आले. घर वोकिंगला, ऑफिस लंडनच्या वॉटर्लू स्टेशनपासून दहा मिनिटं चालत. एरवी अर्ध्या तासाच्या आतबाहेर पोचते. महिन्याचा पास काढलाय. जन्म डोंबिवलीचा, त्यामुळे गाड्यांच्या गोंधळाचं मला कोणी काही शिकवू नये असा माझा समज होता. तो आज सकाळी उतरला.

काल रात्री बर्फ पडला. सकाळी माझी नेहमीची 7.12 रद्द, म्हणून मागची पकडली. ती सर्बिटनच्या अलीकडे थांबली. खिडकीखालून निळाजांभळा लखलखाट व्हायचा, डब्यातले दिवे मिणमिणायचे, गाडी हातभर सरकायची आणि पुन्हा ठप्प. बाहेर धड उजाडलेलंही नव्हतं, त्यामुळे ते अजूनच भुताटकीसारखं वाटत होतं. समोरच्या बाईंनी हातमोज्याने काच पुसून एकदा बाहेर बघितलं आणि परत पुस्तकात डोकं घातलं. पाऊण तास डब्यात कोणी कोणाशी बोललं नाही! आपल्याकडे असतं तर पंधराव्या मिनिटाला लोक उड्या मारून रुळातून चालायला लागले असते. खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं.

आता अडचण अशी: उद्यापासून संप. 13, 14 आणि मग 16, 17. प्रोजेक्ट शुक्रवारी लाइव्ह जातोय आणि मॅनेजर म्हणतो बुधवार-शुक्रवार ऑफिसात दिसायलाच हवीस. गाडी (चारचाकी) आमच्याकडे नाही. जायचं कसं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे परत यायचं कसं? पासाचे पैसे संपाच्या दिवसांचे परत मिळतात का? आणि आजच्या उशिराचे?

अजून एक. 24 ला संध्याकाळी सासू-सासरे हीथ्रोला उतरतायत, पहिल्यांदाच. तेव्हा म्हणे विमानतळावरच्या पासपोर्टवाल्यांचाही संप आहे. घरात मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

---

तिसरा_रूळ | रात्री 9.05

बाकीचं नंतर, आधी एकच. ताई, रुळात उतरायचा विचार इथे चुकूनही करू नका.

मुंबईत वीज डोक्यावरच्या वायरीतून येते. तुमच्या लाइनवर ती जमिनीवर आहे. दोन रुळांच्या शेजारी थोडा उंचावर जो तिसरा रूळ दिसतो ना, त्यात 750 व्होल्ट डीसी असतो, उघडा. गाडीला खालून लोखंडी शू असतात, ते त्या रुळावरून घासत जातात आणि वीज उचलतात. उडी मारून पाय चुकीच्या जागी पडला की खेळ खलास. गाडी बंद दिसली म्हणजे रूळ मेलाय असं समजू नका. उतरायची वेळ आलीच तर वीज तोडल्याची खात्री करून गार्डच उतरवतो.

तुम्ही पाहिलेला लखलखाट त्याचाच. पाऊस किंवा बर्फाचं पाणी रुळावर गोठलं की काचेसारखा पापुद्रा होतो. शू आणि रुळाचा संपर्क सुटतो, ठिणग्या उडतात, गाडीची ताकद जाते. चढावर असली तर तिथेच बसते. उपाय म्हणून रात्री डी-आयसर (बर्फ धरू न देणारं द्रव) फवारणाऱ्या गाड्या फिरवतात, काही ठिकाणी रूळ तापवायच्या पट्ट्या आहेत, सांध्यांना हीटर आहेत. रिकाम्या गाड्याही रात्रभर फिरवत ठेवतात, म्हणजे पापुद्रा धरायच्या आत घासला जातो. पण शेकडो मैलांचा पसारा आहे. लंडनच्या दक्षिणेकडच्या बहुतेक लाइनींची हीच कथा. पॅडिंग्टनहून रेडिंगला जाणाऱ्या वरच्या वायरीवर चालतात, त्यांना हा त्रास नाही (त्यांचे त्रास वेगळे).

मी कल्याणला असताना पावसाळ्यात ट्रॅकवर काम केलंय, त्यामुळे इकडच्या लोकांना 'दोन इंच बर्फात कोलमडले' म्हणून हसत नाही. तीस मिलिमीटर पाण्याने आपलं काय होतं ते मला माहीत आहे.

---

सरेतला_काका | रात्री 9.20

बेटा, मी अठरा वर्षं ही लाइन वापरतोय. बुधवारचं सांगतो.

या वेळी गार्ड-स्टाफसोबत सिग्नलवालेही संपावर आहेत, त्यामुळे गाड्या साधारण सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसहा एवढ्याच. तेही पाचातली एक. वोकिंग मोठं स्टेशन असल्याने तुला काहीतरी मिळेल. छोट्या स्टेशनांवर तर शटर ओढलेलं असेल. पण साडेसहा ही वेळ वाचून साडेसहाला वॉटर्लूला जाऊ नकोस. शेवटची गाडी त्याच्या बरीच आधी सुटते आणि तिला विरारच्या गाडीसारखी गर्दी असते. चारच्या आत निघ. मॅनेजरला आजच लिहून कळव की तीनला उठणार, उरलेलं काम घरून.

दुसरी गोष्ट लोक विसरतात: गुरुवारी संप नाही, पण गुरुवारची सकाळही वाईट असते. आदल्या दिवशी गाड्या भलत्याच डेपोत उभ्या राहिलेल्या असतात, त्यांना जागेवर आणेपर्यंत आठ-नऊ वाजतात. रविवारी 18 चंही तेच.

रात्री दहाच्या सुमारास दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक नक्की होतं. ते बघूनच झोप. सकाळी अॅपवर विश्वास ठेवायचा नसेल तर रिअलटाइम ट्रेन्स या वेबसाइटवर गाडी खरोखर कुठून सुटली ते दिसतं.

---

थेम्सकाठी | रात्री 9.31

कोणा सहकाऱ्याकडे कार असेल तर रिचमंडपर्यंत या आणि डिस्ट्रिक्ट लाइन पकडा. ट्यूबचा (लंडनच्या मेट्रोचा) संप नाही.

---

सरेतला_काका | रात्री 9.38

@थेम्सकाठी, तिथेच लोक फसतात. रिचमंडकडचा तो तुकडा ट्यूबचा दिसत असला तरी रूळ आणि सिग्नल नेटवर्क रेलचे (देशभरचे रेल्वेचे रूळ-सिग्नल सांभाळणारी कंपनी). संपात तोही लंगडतो. विंबल्डनकडेही तोच घोळ. त्यापेक्षा हाउन्स्लो वेस्ट गाठा, पिकॅडिली लाइन पूर्ण वेगळी आहे. कार पार्क लवकर भरतो एवढंच.

---

थेम्सकाठी | रात्री 9.41

बरोबर काका, ऑगस्टच्या संपात मी स्वतः गनर्सबरीला अडकलो होतो आणि तरी हाच सल्ला दिला. धन्य आहे मी.

---

चाळीसावा_भाग | रात्री 10.10

पैशांचं मी सांगते, कारण याच कामात माझी हयात जायची आहे.

संपाचे दिवस: महिन्याचा किंवा त्याहून मोठा पास असेल आणि तुम्ही संपाच्या दिवशी प्रवास केलाच नाही, तर त्या दिवसाचे पूर्ण पैसे डिले रिपे या भरपाई योजनेतून मिळतात. आठवड्याचा पास असेल तर विसरा. ज्या दिवशी गेलात त्या दिवसाचा 'प्रवास केला नाही' असा क्लेम टाकू नका. गेटवर कार्ड टॅप होतं, त्यांना दिसतं.

आजचा उशीर: 15 मिनिटांपासून पाव भाडं, 30 पासून अर्धं, 60 पासून एकेरीचं पूर्ण. मासिक पासाची एकेरी खेप म्हणजे पासाच्या किमतीचा चाळीसावा भाग (वार्षिकचा 464 वा). मुदत 28 दिवस, म्हणजे तुमची 9 जानेवारीपर्यंत.

आता नीट वाचा. तुम्ही लिहिलंय पाऊण तास. तो बसलेल्या गाडीचा उशीर. पण तुम्ही निघालात 7.12 साठी, ती रद्द झाली. उशीर मोजायचा तो 7.12 ने ज्या वेळी पोचला असता तिथपासून, प्रत्यक्ष वॉटर्लूला पाय टेकेपर्यंत. फॉर्ममध्ये लोक बसलेली गाडी निवडतात आणि अर्ध्यावर समाधान मानतात. तुम्ही किती वाजता पोचलात?

---

वोकिंगची_डोंबिवलीकर | रात्री 10.22

अय्या. 8.47 ला. म्हणजे तासाच्या वर गेलं की! वॉटर्लूच्या घड्याळाखाली उभं राहून मी नवऱ्याला फोटो पाठवला होता, त्यात वेळ दिसते.

---

चाळीसावा_भाग | रात्री 10.25

तो फोटो जपा. 7.12 ची रद्द झाल्याची नोंदही आत्ताच स्क्रीनशॉट करून ठेवा, नंतर शोधताना जीव जातो.

---

स्पष्टवक्ता_हॅरो | रात्री 10.40

हे सगळं ठीक, पण या संपवाल्यांचं करायचं काय? जूनपासून चाललंय. लोक आधीच थंडीने आणि हीटिंगच्या बिलाने गारठलेत.

---

तिसरा_रूळ | रात्री 11.02

एक बाजू ऐकून घ्या. महागाई ऑक्टोबरात 11.1 टक्के. नेटवर्क रेलने देऊ केले यंदा 5 आणि पुढच्या वर्षी 4. आरएमटी या रेल्वे कामगार संघटनेच्या सभासदांनी आजच ते मतदानाने फेटाळलं. गाडी-कंपन्यांची ऑफर त्याहून कमी, आणि वर अट की दारं ड्रायव्हरनेच उघड-बंद करायची, म्हणजे हळूहळू गार्ड नको. आज सकाळी अडकलेल्या गाडीत ताईंना कोण हवा होता, गार्ड की रेकॉर्ड केलेली घोषणा?

मे 2010 मध्ये मुंबईत मोटरमननी गाड्या थांबवल्या होत्या तेव्हा मी स्वतः शिव्या घातल्या होत्या, हेही कबूल.

---

स्पष्टवक्ता_हॅरो | रात्री 11.09

गार्डबद्दल मान्य. वेळेबद्दल नाही. नाताळच्या तोंडावरच का?

---

सरेतला_काका | रात्री 11.15

कारण फेब्रुवारीत केला तर कोणाला फरक पडणार? चला, धागा ताईंचा आहे, वाद दुसरीकडे घालू.

बेटा, मॅनेजरचं राहिलं. इथल्या कायद्यात 'गाडी बंद होती म्हणून पगार द्याच' असं काही नाही, त्यामुळे भांडायला जाऊ नकोस. पण घरून काम करते असं आधी लिहून दिलंस तर बहुतेक लोक ऐकतात. तोंडी नको, ईमेल कर.

---

वोकिंगची_डोंबिवलीकर | बुधवार, 14 डिसेंबर, रात्री 7.30

मंगळवारी घरूनच. बुधवारी गेले. आठची गाडी मिळाली, चक्क बसायला जागा! निम्मी लंडन घरीच असावी. येताना काकांचं ऐकून 3.20 ला वॉटर्लूवर होते, तरी दारापाशी उभं राहून आले. एका माणसाच्या पाठीवरच्या सॅकमध्ये माझं नाक. डोळे मिटले असते तर ठाकुर्ली आलं असतं.

मॅनेजरला ईमेल केला. उत्तर एका ओळीचं: शुक्रवारी घरून चालेल. हे सोमवारीच विचारलं असतं तर?

24 बद्दल कोणी सांगा ना.

---

हीथ्रो_मावशी | बुधवार, रात्री 8.15

मी विमानतळाजवळ राहते, दर डिसेंबरात कोणाला ना कोणाला आणायला जाते. बॉर्डर फोर्सचा संप 23 ते 26 आणि मग 28 ते 31. काउंटरवर लष्करातली माणसं बसवणार आहेत. भारतीय पासपोर्टला ई-गेट (पासपोर्ट आपोआप तपासणारं दार) चालत नाही, त्यामुळे त्यांना रांगेतच उभं राहावं लागेल. हातातल्या पिशवीत गोळ्या, पाण्याची रिकामी बाटली आणि एकेक स्वेटर असू दे. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर आजच सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही.

ट्रेनच्या भरवशावर अजिबात राहू नका. 24 ला संध्याकाळी सहापासून नेटवर्क रेलचा पुन्हा संप, त्यामुळे गाड्या दुपारनंतरच आटपायला लागतील. 25 ला तर या देशात ट्रेन धावतच नाहीत, संप असो नसो. आत्ताच मिनीकॅब ठरवा, नाताळचा जास्तीचा दर लावतील तो द्या. आणि घरी सांगून टाका हो! सासूबाईंना विमानात कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.

---

वोकिंगची_डोंबिवलीकर | रविवार, 8 जानेवारी 2023, दुपारी 1.10

उशिरा अपडेट देतेय, क्षमस्व. घर भरलेलं आहे.

24 ला पासपोर्टची रांग चाळीस मिनिटांत सरली. नेहमी याहून जास्त लागते म्हणे. सासऱ्यांनी काउंटरवरच्या लष्करी पोराला सॅल्यूट ठोकला आणि त्याने उलट ठोकला, हा किस्सा आता डोंबिवलीत सर्व नातेवाइकांना फोनवर सांगून झालाय.

क्लेम: 13 आणि 16 डिसेंबरचे पूर्ण दिवसाचे पैसे आले, काही न विचारता. 12 तारखेचा आधी नाकारला. म्हणे तुमच्या गाडीचा उशीर फक्त 45 मिनिटं, आणि तेवढेही देईनात कारण तिकीट दुसऱ्या गाडीला जोडलंय. मग चाळीसावा_भाग यांनी सांगितलं तसं 7.12 रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट आणि घड्याळाखालचा फोटो जोडून पुन्हा पाठवला. शुक्रवारी मंजूर, एकेरीचं पूर्ण भाडं. रकमेत दोघांचा वडापाव येईल, लंडनच्या भावाने. पण मी ती मेल दोनदा वाचली.

गेल्या आठवड्यात 3 ते 7 जानेवारी पाचही दिवस काही ना काही बंद होतं, मधल्या गुरुवारी ड्रायव्हरांचा. मी पाचही दिवस घरी. क्लेम टाकलेत.

आता फक्त बुटांचं. सासूबाईंना फुटपाथवरच्या बर्फावर चालायची भीती वाटते आणि त्या आठ दिवस घराबाहेर पडलेल्या नाहीत. तळव्याला चढवायचे काटेरी रबरी पट्टे मिळतात ते साडी नेसणाऱ्या बाईला जमतात का? वेगळा धागा काढू?

---

हीथ्रो_मावशी | दुपारी 1.45

इथेच विचारा. जमतात, पण दुकानात शिरताना काढायला लावा, फरशीवर ते बर्फाहून जास्त घसरतात. मी पडलेय.