फेसबुक काढून टाकलं, १४ जणांचा ग्रुप बरा

बर्डीवाला: दिवाळीत फोनमधून फेसबुक अन् इन्स्टा दोन्ही उडवले बाप्पा. आता फक्त टेलिग्रामवरचा जुन्या रेडिओवाल्यांचा ग्रुप, १४ जण. परवा रात्री साडेअकराला माझ्या मर्फी रेडिओचा फोटो टाकला, व्हॉल्व्ह (आतल्या काचेच्या नळ्या) सगळे पेटून रायले पण आवाज नाई, तर गोंदियाचे काका म्हणाले स्पीकरले जोडलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर पाहा आधी, मीटर लावला तर प्रायमरी ओपन, म्हणजे त्याच्या एका गुंडाळीची तारच तुटलेली! हेच फेसबुकवर टाकलं असतं तर 'ओल्ड इज गोल्ड', हात जोडलेले चार इमोजी अन् एक जण 'कितीले देता भाऊ'.

तर्री_जास्त: काका हुशार आहेत, त्यात ग्रुपचं काय कौतुक? अन् काका भेटले कुठं, फेसबुकवरच ना?
२३ सप्टेंबर २०२३ आठवते का? नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, पहाटे आमच्या हॉलमध्ये गुडघाभर पाणी, बिल्डिंगच्या ग्रुपवर सगळे ढाराढूर. कोणता रस्ता चालू आहे ते ट्विटरवर अनोळखी पोरांच्या व्हिडिओतून कळलं.

बर्डीवाला: हाव, भेटले फेसबुकवरच, मान्य. पण पूर रोज येते का बे? रोजचं काय पाहायचं, कोणाच्या तरी नाचाचे रील?

ऊन_४६: ऑर्कुट (फेसबुकसारखीच जुनी साइट) ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, आमची अख्खी कम्युनिटी गेली. मी सहा जणांचे नंबर वहीत लिहून ठेवले होते म्हणून आमचा छोटा ग्रुप आजही सुरू आहे. बर्डीवाला भाऊशी सहमत.

महालची_ताई: छोट्या ग्रुपचं इतकं गोड नसते भाऊ. आमचा नऊ जणींचा वाचनाचा ग्रुप, एकीनं विचारलं की काहून दरवेळी अ‍ॅडमिनच्या मैत्रिणीचीच कविता पिन होते, संध्याकाळी ती ग्रुपबाहेर. तक्रार कोणाकडे करता? फेसबुकवर निदान रिपोर्टचं बटण आहे (दाबून काही होत नाई ते वेगळं).
अन् दुसरं, काकांनी सांगितलेलं ते तुमच्या प्रायव्हेट ग्रुपातच राहणार, गूगलवर येत नाई. उद्या चंद्रपूरच्या एखाद्या पोराचा मर्फी असाच मुका झाला तर त्याले कोण सांगणार?

बर्डीवाला: ताई हे मात्र खरं बोलल्या. काकांले म्हटलं होतं यूट्यूबवर टाका म्हणून, तर म्हणे मले कॅमेऱ्यासमोर बोलता येत नाई, तूच लिही. मीच आळस करून रायलो.

तर्री_जास्त: मंग लिही ना. फेसबुकवर टाक, मी शेअर करतो 😄