‘उपजीविका’ टाकता येते का?

फोंड्याहून प्रश्न :
बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानात (12:42) गरीब विधवा मंदिराच्या दानपेटीत ‘दोन टोल्या म्हणजे एक दमडी’ टाकते. पुढे येशू म्हणतो, हिने आपली सगळी ‘उपजीविका’ टाकली. उपजीविका आपण करतो, ती चालते किंवा बुडते. ती टाकणार कशी? ‘होते नव्हते ते सगळे’ एवढे पुरले नसते का?

मडगावहून उत्तर :
ताई, तो शब्द तसाच हवा. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘बिऑस’ आहे. आयुष्य, आणि आयुष्य ज्यावर निभते ते, असे त्याचे दोन्ही अर्थ. आपल्या उपजीविकेतही ‘जीव्’ धातू बसलेला आहेच. ‘होते नव्हते’ म्हटले की नाणी मोजली जातात, उपजीविका म्हटले की तिची संध्याकाळची चूल डोळ्यांपुढे येते. श्रीमंतांनी दिले ते उरलेल्यातून. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ ही आपली म्हण कंजुषाची. हिची दमडी गेली तेव्हा चमडीही तिच्यासोबत गेली.

‘गरीब’ हा शब्दही पाहा. हीच गोष्ट सांगणारा लूक (21:2–3) तिला आधी ‘पेनिख्रा’ म्हणतो, म्हणजे हातातोंडाची गाठ जेमतेम पडणारी. पुढच्याच ओळीत येशूच्या तोंडी ‘प्तोखे’ येते, म्हणजे हात पसरायची वेळ आलेली. येशूच्या ‘दीन ते धन्य’ या वचनातले दीन ते हेच प्तोखे. लूक (6:20) थेट दीनांना धन्य म्हणतो, मत्तय (5:3) ‘आत्म्याने दीन’ म्हणतो. एका शब्दाची भर पडली आणि रिकामे पोट नम्र मनात बदलले. मराठीतही ‘स्वभावाने गरीब’ म्हणताना हेच होते, खिशाचा विचारच राहत नाही. मला स्वतःला लूकचे शब्द जवळचे वाटतात.

म्हापशाहून :
सर, पण हे कौतुकच आहे का? दोन ओळी आधी (12:40) विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर येशू कडाडतो. ‘हिच्यासारखे करा’ असे तो कुठेच म्हणत नाही. मला तर त्याचा आवाज दुःखाचा ऐकू येतो.

मडगावहून :
पटले. तिच्याकडून शेवटची दमडी घेणाऱ्या व्यवस्थेला हे वाक्य सोडत नाही. शिवाय बायबलात देण्याचे एकच माप नाही. श्रीमंत माणसाला सगळे विकायला सांगितले आहे (मार्क 10:21). जक्कय हा श्रीमंत जकातदार गरिबांना अर्धे देतो, फसवून घेतलेले चौपट परत करतो, आणि त्याच्या घराला तारण लाभते (लूक 19:8–9). प्रेषित पौल करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात बजावतो की दुसऱ्यांना सुख आणि तुम्हाला ओझे असे नको, समानता हवी (2 करिंथ 8:13). नीतिसूत्रांतली प्रार्थना (30:8) दारिद्र्यही नको, श्रीमंतीही नको म्हणते. आणि त्याच ग्रंथात (10:4) आळशी हाताला दारिद्र्य येते असेही आहे. ते वाक्य त्या विधवेच्या तोंडावर कोणी फेकू नये.

फोंड्याहून :
मग ‘दान’ म्हणू की ‘धर्म’?

मडगावहून :
धर्म. हिब्रू ‘त्सदाका’चा मूळ अर्थ न्याय, नीतिमत्ता. पुढे गरिबाला दिलेल्या भिक्षेलाही तोच शब्द रुळला. दारावरचा भिकारी ‘धर्म करा माई’ म्हणतो तेव्हा मराठीनेही हीच वाट धरलेली असते. देणाऱ्याचे मन मोठे की लहान हा प्रश्न त्या हाकेत येतच नाही. तुमच्या दारी काही न्याय्य उरले आहे का, एवढेच तो विचारतो.

फोंड्याहून :
उद्या वर्गात फळ्यावर ‘उपजीविका’ आणि ‘धर्म’ शेजारी शेजारी लिहिते. मुलांना आधी वाक्ये करू देते, विधवेची गोष्ट मग सांगेन.