पहिला घास किती वाजता?

ताई, ‘पेशंट ऐकतच नाहीत, मग डॉक्टर तरी काय करणार’ असं तुम्ही वर लिहिलंय. आमच्या आईचं सांगतो. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं गाव, घरची भातशेती, शुगर जुनी. ग्लिमेपिराइडची, म्हणजे शुगर उतरवणारी गोळी न्याहारीआधी लिहिलेली. आई ती पहाटे चहाबरोबर घ्यायची आणि भाकरी खायची अकराला, शेतातनं आल्यावर. मधेच दरदरून घाम, हात थरथर. एकादशीला तर जास्तच, कारण गोळी चुकवायची नाही हे तिनं अगदी नीट ऐकलं होतं! पोट रिकामं असलं तरी ही गोळी इन्सुलिन वाढवते आणि मग साखर फार खाली जाते, हे कुणी सांगितलंच नव्हतं. चिठ्ठी इंग्रजीत, पाकिटावर लिहिलेलं कन्नडमध्ये. आईला कन्नड बोलता येतं, वाचता नाही.

बेळगावच्या नव्या डॉक्टरांनी आधी विचारलं, “मावशी, पहिला घास किती वाजता?” मग गोळी त्या घासाला जोडली, उपासाच्या दिवसाचं वेगळं सांगितलं आणि पाकिटावर पेनानं ताट काढून दिलं. तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) थोडंच उतरलं, पण घाम थांबला. भात काही सुटत नाही. दोन वाट्यांची एक झालीय, त्यावरही रोज कुरबुर आहेच.